जागच्या जागी

माझ्या आरामखुर्चीत एक कुत्रा झोपला होता.

मागच्या पडवीतली ती वेताची खुर्ची मी कोचीनहून हौसेने आणली होती. घरी असले की दुपारचा चहा मी तिच्यातच बसून घ्यायची. मी जहाजावर असताना तिच्यावर चादर घालून ठेवतात, कोणी बसत नाही, असं सासूबाईंनी मला अनेकदा सांगितलं होतं. आता तिच्यात एक कान पडलेला तपकिरी गावठी कुत्रा हक्काने वेटोळं करून पडला होता. मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी नाशिकला एकाने पोटरी धरली होती, तेव्हापासून रस्त्यात कुत्रा दिसला की मी पलीकडून जाते. मी बॅग हातात घेऊन थिजले. त्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं, शेपटी एकदा खुर्चीवर आपटली आणि डोळा मिटून घेतला. चोर आला असता तर ह्याने त्याला चहा विचारला असता.

क्षणभर वाटलं, घर चुकलं. पण फणस आमचा होता, विहिरीचा रहाट आमचा होता, दोरीवर वाळत घातलेला शर्ट माझ्या नवऱ्याचा होता.

त्या वेळी मी एका तेलवाहू जहाजावर चीफ ऑफिसर होते, म्हणजे कप्तानाच्या खालोखाल. पाच-सहा महिने पाण्यावर काढायचे आणि मग दोन महिने वेंगुर्ल्याला, सासरी. नवरा दत्तप्रसाद. त्याची काजूच्या आणि आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. सासूबाईंना सगळा वाडीवस्तीचा गोतावळा माई म्हणतो, म्हणून मीही माईच म्हणते. आणि मुलगी रेवती, तेव्हा चौथीत होती. माझा पगार डॉलरमध्ये येतो हे कळल्यापासून बाजारातल्या बायका मला मासळीचा भाव चढवूनच सांगायच्या, त्यामुळे मासळी कायम प्रसादच आणायचा.

त्या खेपेला मी मनाशी पक्कं ठरवून आले होते की नोकरी सोडायची.

गंमत अशी की कंपनीने मला नुकतीच कमांड देऊ केली होती. सुट्टी संपली की मी कप्तान. ज्या दिवसासाठी इतकी वर्षं लोकांचे टोमणे ऐकले, रोटीच्या जागी पाव आणि झोपेच्या जागी कॉफी चालवून घेतली, तो दिवस समोर येऊन उभा राहिला आणि माझं मन मात्र उलट्या दिशेला चालायला लागलं. कारण तसं बारीकच होतं. जहाजावरून बोलताना रेवती शाळेतल्या नाटकाची हकिगत सांगत होती. कोणी कोणाचा मुकुट पळवला, कोण रडलं, बाई कोणावर ओरडल्या. सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे आई, तुला त्यातलं कोणी माहीत नाही." वैतागून म्हणाली असती तर मी विसरले असते. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली. तेच मला लागलं.

महिनाअखेर कंपनीला उत्तर द्यायचं होतं. मी कोणालाच काही कळवलं नव्हतं. घरी जाऊन सांगायचं आणि सगळ्यांचे चेहरे बघायचे, असा माझा बेत होता. त्यातच माझ्या जागी येणारा माणूस मंगळुरूला ठरल्यापेक्षा लवकर हजर झाला, मी मोकळी झाले, सकाळची गाडी पकडली आणि न सांगता दोन दिवस आधीच सावंतवाडीला उतरले. रिक्षा कोपऱ्यावर सोडली. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना.

कुत्र्याकडे पाठ न करता मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. दुपारची वेळ, सगळं सामसूम. आणि ते स्वयंपाकघर माझं नव्हतं. वरची फळी रिकामी होती. सगळे डबे खाली, ओट्याच्या कडेला आणि जमिनीपासून हातभर उंचीच्या एका नव्या रॅकवर होते. गॅसच्या डावीकडे मिठाची चिनी मातीची बरणी असायची, तिथे प्रसादची चहाची गाळणी आणि एक रेडिओ होता. कोपऱ्यात एक ॲल्युमिनियमची ताटली, तिच्यात भाताची शितं.

मी पाय न वाजवता आत गेले. आमच्या झोपण्याच्या खोलीत पलंगच नव्हता. तिथे एक लांब टेबल होतं, त्यावर कलमांच्या पिशव्या, सुऱ्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची भेंडोळी. पलंग बाहेरच्या खोलीत आणलेला होता, आणि त्याच्यावर पंख्याखाली माई आणि रेवती गाढ झोपल्या होत्या. रेवतीचा पाय माईंच्या पोटावर. माझा गणवेशातला फोटो मात्र भिंतीवर होता. त्याच्याच खिळ्याला कुत्र्याचा पट्टा अडकवलेला होता.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग आले तशीच मागच्या दाराने निघाले. पडवीतून जाताना कुत्र्याने पुन्हा एकदा शेपटी आपटली, जाणाऱ्या पाहुण्याला आपटावी तशी.

का निघाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. राग आला होता का? थोडा. लाजही वाटत होती, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यावर वाटते तशी. सावंतवाडीला परत जाऊन तळ्याकाठच्या एका लॉजवर खोली घेतली आणि प्रसादला फोन केला. त्याला सांगितलं की जहाज अजून मंगळुरूलाच आहे, ठरल्याप्रमाणे परवा येते. तो म्हणाला, "बरं झालं फोन केलास," आणि त्याच्या आवाजात जी सुटका होती ती मी पूर्वीही ऐकली असणार, पण मला ती ओळखू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. मागून फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता. प्रसादला धाप लागली होती. विचारलं तर म्हणाला, केर काढतोय. एवढा धाप लागेपर्यंत केर काढणारा नवरा मिळाला म्हणून दुसऱ्या कोणी देवाला नारळ दिला असता. मी फोन ठेवला आणि तळ्याकडे बघत बसले. ज्या घरासाठी मी जहाज सोडायला निघाले होते, ते घर मला कुठे सापडणार होतं, हेच कळेना.

ठरल्या दिवशी मी पुढच्या दाराने गेले. माईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. रेवती गळ्यात पडली, आणि तिचं ते गळ्यात पडणं खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. पलंग आतल्या खोलीत होता. डबे वरच्या फळीवर ओळीने उभे होते. मिठाची बरणी गॅसच्या डावीकडे. खुर्चीवर धुतलेली चादर. घराला फिनेलचा वास येत होता.

त्या वासाने माझ्या डोक्यात उजेड पडला.

तेलवाहू जहाजांची तपासणी असते. तेल कंपनीचा माणूस येतो, सगळं जहाज फिरून बघतो, त्याने नाक मुरडलं तर पुढचं काम मिळत नाही. तो यायच्या आधी जहाज नटवायचं काम चीफ ऑफिसरचं, म्हणजे माझं. गंजावर रंग, दोरांची गोल वेटोळी, प्रत्येक वस्तू ठरल्या जागी, खलाशांना कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं त्याची उजळणी. तो माणूस येतो, कॉफी पितो, खूश होऊन जातो. तो शिडी उतरला रे उतरला की कॅरम बाहेर येतो, लुंग्या वाळत पडतात, कोणी मागे गळ टाकून बसतं आणि जहाज पुन्हा माणसांचं होतं. त्या माणसाला मी कितीदा हसून शिडीपर्यंत सोडून आले आहे. तो बिचारा कधीही खरं जहाज बघत नाही, म्हणून मला त्याची कीवही यायची. आता पलंगावर बसून मी त्याच रंगाचा वास घेत होते.

पुढचे दिवस मी सगळं बघत राहिले. एकदा कळल्यावर मला प्रत्येक गोष्ट उघडी दिसायला लागली. रेवती रोज संध्याकाळी शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे इंग्रजीच्या शिकवणीला जायची. वही न्यायची नाही, फ्रॉकच्या खिशातून भाकरी न्यायची. माईंना फळीवरचा डबा हवा असला की त्या स्वतः हात वर करत नसत, रेवतीला नाहीतर प्रसादला हाक मारत. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांचा उजवा खांदा वर जातच नाही. कधीपासून, असं मी प्रसादला विचारलं. तो म्हणाला, झालं असेल वर्ष. त्याची कलमांची कामं रोपवाटिकेतल्या पत्र्याखाली चालली होती, भर उन्हात. घरात काम का करत नाहीस म्हटलं तर म्हणाला, घरात माती होते.

कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी घरात कमांडची बातमी तेवढी सांगून टाकली. नोकरी सोडायचं मनात आहे ते नाही सांगितलं. मला बघायचं होतं, कोणी म्हणतं का की आता पुरे, राहा. प्रसादने हात हातात घेऊन अभिनंदन केलं, डोळे भरून आले त्याचे, आणि म्हणाला, "तू ठरव." माई म्हणाल्या, तुझं तू बघ, आम्ही आहोतच. रेवतीने कप्तानाची टोपी वेगळी असते का ते विचारलं. सगळे इतके चांगले वागत होते की भांडायलाही जागा सापडेना. त्या घरात मला हवं ते करण्याची पूर्ण मोकळीक होती, आणि मी त्या मोकळिकीत एकटीच येरझारा घालत होते.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सुरमईचं कालवण होतं. रेवतीला ते अळणी लागलं, तिने मीठ मागितलं. माईंनी चमचाभर मीठ तिच्या ताटाच्या कडेला वाढलं. ती हात पुढे करत होती तर तिच्या हातावर हलकेच चापट मारली. मीठ हातात द्यायचं नाही, भांडणं होतात, हा माईंचा जुना नियम. बरणी समोर ठेवतील, ताटात वाढतील, पण हातात देणार नाहीत.

का कोण जाणे, त्याच क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी नोकरी सोडतेय. आता इथेच राहणार."

प्रसाद तोंडातला घास चावत राहिला, चावत राहिला, गिळेचना. माईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरां झालां गो बाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण अशी एकदम कशी?"

रेवतीने विचारलं, "म्हणजे कायमची?"

"कायमची."

"म्हणजे परत कधीच नाही जाणार?"

मी नाही म्हणाले. तिचा खालचा ओठ थरथरला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. ताटातला हात तसाच, नाकातून पाणी.

"आनंदाने रडतेय," प्रसाद म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला एवढं धादांत खोटं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तेही मला दुखू नये म्हणून.

मला खूप दुखलं होतं. माझ्या मुलीला मी घरी राहणार म्हणून रडू येतंय, ह्याहून वाईट दुपार मी कुठल्याही समुद्रात काढलेली नाही. पण ती ज्यासाठी रडत होती ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना माहीत नव्हतं, हे ओझं आता माझ्याच्याने पेलवेना.

"रेवू," मी म्हटलं, "जा, कुत्र्याला घेऊन ये."

रडणं जागच्या जागी थांबलं. "कुठला कुत्रा?" तिने विचारलं. अश्रू गालावर आणि चेहरा साव. कोणीतरी उजळणी चांगली करून घेतली होती.

"माझ्या खुर्चीत झोपतो तो. एक कान पडलेला."

प्रसादने घास गिळला. माईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "मिया सांगलंय ना तुमका, येक दिवस कळतलां म्हणान."

रेवती उष्ट्या हातानेच मागच्या दारी पळाली. फिलोमिनाबाईंच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून तिने हाक मारली, "बोसन! ये बोसन!"

मी चमकून प्रसादकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. माझा उजवा हात. गडगा उडी मारून कुत्रा आला, अंगणातून स्वयंपाकघरात आला, मला वळसा घालून सरळ आपल्या कोपऱ्यात गेला आणि ताटली तिथे नाही हे बघून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी पाय पाटावर घेतले.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"मी," रेवती म्हणाली. तिने त्याच्या मानेत हात टाकला होता, आता कोणी ओढून नेईल अशा बेताने. "तूच सांगितलं होतंस ना, बोसन चांगला असला की तुला झोप लागते. मलापण लागते."

मी उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेत गेले. प्रसाद पत्र्याखाली बसून काजूची कलमं बांधत होता. मी आधी येऊन गेल्याचं, लॉजचं, सगळं त्याला सांगून टाकलं. तो ऐकत होता. हात चालूच होते, काडी तासायची, खाचेत बसवायची, पट्टी गुंडाळायची. मग त्याने सांगितलं ते असं, की पहिल्यांदा मी परत आले तेव्हा माईंनी कपाट हलवलं होतं आणि मी खोलीच्या दारात उभी राहून रडले होते. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्यानंतर त्याने ठरवलं की मी जाताना जे जसं असेल ते मी येताना तसंच मिळालं पाहिजे. आधी कपाटच होतं. मग माईंचा खांदा धरला, डबे खाली आले. रेवती एकटी झोपेना, पलंग बाहेर गेला. मग कुत्रा आला. दर वेळी परत लावायचं सामान वाढत गेलं.

"मला परकं वाटू नये म्हणून," मी म्हटलं.

"हो."

"मग तुम्हाला काय वाटायचं?"

त्याने सुरी खाली ठेवली. "दमायला व्हायचं," तो म्हणाला. "तू आलीस की आनंद व्हायचा आणि दमायला व्हायचं. दोन्ही. कुठलं किती ते मला सांगता येत नाही, वैजू."

मी चिडले. इतके दिवस सगळे तू ठरव, तू ठरव म्हणताहेत, मी एकटीनेच किती ठरवायचं, असं काहीतरी बोलले. आवाज चढला होता माझा. शेवटी सरळ विचारलं, "मी राहू की जाऊ? एकदा तरी सांग."

"राहा म्हणालो आणि तू किनाऱ्यावर झुरत बसलीस तर? जा म्हणालो तर मला तू नको आहेस असं होतं. मला तू हवी आहेस." तो थांबला. "पण तो पलंग आता माझ्याच्याने हलवत नाही. राहायचं तर राहा, जायचं तर जा. येशील तेव्हा मात्र आहे त्या घरात ये."

ह्याला उत्तर म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळेना. आम्ही दोघांनी मिळून उरलेली कलमं बांधली. माझ्या पट्ट्या सैल होत होत्या, तो त्या माझ्या नकळत पुन्हा घट्ट करत होता, म्हणजे त्याला वाटत होतं की माझ्या नकळत.

त्याच दुपारी पलंग बाहेरच्या खोलीत आला. डबे मीच खाली उतरवले, माई सांगतील तिथे ठेवले. बोसन आणि मी एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून राहायला शिकलो. मी घरी असून पाहुणी आहे हे सगळ्यांसमोर उघड झालं होतं, आणि त्याने बरं वाटतंय की वाईट, हे काही मला ठरवता आलं नाही. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. रोज सकाळी मी उठायची ती नोकरी सोडायची ठरवून, आणि संध्याकाळी खाडीपर्यंत फिरून यायची ती कप्तान होऊन.

महिनाअखेरीला मॅनेजरचा फोन आला. मी पडवीच्या पायरीवर बसले होते, खुर्चीत बोसन होता. मी मॅनेजरला सांगितलं की कमांड घेते, पण चार महिन्यांच्या वर एक दिवस पाण्यावर राहणार नाही आणि मधली सुट्टी पूर्ण पाहिजे. तो हसला, कप्तान लोक आजकाल अटी फार घालतात म्हणाला, आणि दोन दिवसांनी कबूल झाला. हो म्हणाले तेव्हा चुकलं असं वाटलं. नाही म्हणाले असते तरीही वाटलं असतं. माझा हा घोळ पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला, मी जहाज सोडून किनाऱ्यावरच्या कचेरीत बसायला लागले तेव्हाही.

निघताना रेवतीने मला खिशात ठेवायला बोसनचा फोटो दिला. माझ्या केबिनमध्ये तो आरशाला लावला होता. खरा बोसन एकदा सही घ्यायला आला, त्याने फोटोकडे बघून घरचं कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुझ्याच हुद्द्याचा आहे.

पहिली कमांड संपवून मी परत आले. फोनवर दिवस सांगितला होता, आणि पलीकडून कसलाही ओढण्याचा आवाज आला नव्हता. मी मागच्याच दाराने गेले. दुपारच होती. बोसन खुर्चीत होता. शेपटी एकदा आपटली, उठला नाही. घराला फिनेलचा नाही, सुक्या मासळीचा वास येत होता. रेवती शाळेत, प्रसाद रोपवाटिकेत. माई बाहेरच्या खोलीत पलंगावर आडव्या होत्या. त्यांनी पडल्या पडल्या माझ्या तोंडावरून हात फिरवला, भूक लागली असेल तर पेज आहे म्हणाल्या आणि कूस बदलली. भाकरतुकडा नाही, ओवाळणी नाही.

मी पेज वाढून घेतली. अळणी होती. गॅसच्या डावीकडे बरणी नव्हती. रॅकवरही नव्हती, म्हणजे माझ्यामागे पुन्हा सगळं हललं होतं. एक डबा उघडला, त्यात पोहे. दुसऱ्यात कुळथाचं पीठ. पाच महासागरांचे नकाशे वाचणारी बाई मी, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात पेजेचा वाडगा हातात घेऊन उभी होते. रडू येतंय की हसू, तेही कळेना.

"माई," मी हाक मारली, "मीठ कुठे ठेवलंय? जरा द्याल का?"

आतून पलंग करकरला, पण त्या उठल्या नाहीत.

"मीठ कोण हातात देना नाय गो," त्या म्हणाल्या. "आपणच घेवचां लागतां."

मी वाडगा खाली ठेवला आणि पुढचा डबा उघडला. त्यात साखर होती.